सेवेची घाई आणि सहीचा कागद



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०.

सात्त्विक दान कोणतं, हे भगवंत इथे सांगतात. द्यायलाच हवं म्हणून दिलेलं. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं. आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला लगेच पटतात. तिसरी, म्हणजे देश-काळ-पात्र, आपण वाचतो आणि पुढे जातो. निदान मी तरी जायचो. एका डॉक्टर मैत्रिणीने ती मला थांबून वाचायला लावली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. काही दिवसांनी ही मुंबईहून औषधांचे खोके घेऊन तिथे पोचली. डोक्यात एकच विचार, लवकर वस्तीत शिरायचं. पण एका कार्यालयात तिला थांबवलं. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवा. औषधांची यादी द्या, बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं लिहा. मग साहेबांची सही. आणि साहेब दौऱ्यावर!

ती चिडली. बाहेर चिखलात माणसं उभी आहेत आणि हे कागद मागतायत? टेबलापलीकडचे कारकून शांतपणे म्हणाले, "मॅडम, काल एकाच वस्तीत दोन टीम गेल्या. दोघांनी त्याच गोळ्या वाटल्या. पलीकडच्या वाडीत कुणीच गेलं नाही."

ती गप्प झाली. पुरानंतर लेप्टोची भीती असते. उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या जखमेतून तो शरीरात शिरतो. त्यासाठी डॉक्सीसायक्लिन देतात. पण हे औषध गरोदर बाईला, लहान मुलाला सरसकट देता येत नाही. कुणाला काय दिलं, याची नोंद नसेल तर सेवाच अपाय करू शकते. म्हणजे पात्र ओळखायचं काम तो कंटाळवाणा कागदही करत होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. व्हरांड्यात एक आजोबा बसले होते. पायाला पत्रा लागलेला, त्यात मधुमेह. तिने सहीची वाट पाहिली नाही. तिथेच बसून जखम धुतली, पट्टी बांधली. गोळ्या वस्तीभर वाटायला परवानगी हवी, समोरच्या जखमेला नको. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे ठरवणं म्हणजेच देश-काळ-पात्राचा विवेक, नाही का?

सही साडेचार तासांनी मिळाली. मी विचारलं, "मग राग गेला?" ती म्हणाली, "अर्धा राग पेशंटसाठी होता, तो अजून आहे. साहेब नसताना सही कोण करणार, हे आधी ठरवायला नको? तसा अर्ज मी देऊन आले. पण उरलेला अर्धा राग माझ्यासाठी होता रे. मी एवढ्या लांबून सेवेला आले आणि मला बाकावर बसवून ठेवलं, याचा. तो मात्र तिथेच सोडून आले."

हे ऐकून मी स्वतःकडे पाहिलं. सेवेत "मी" किती अलगद शिरतो! आपल्याला सेवा हवी असते, पण आपल्या पद्धतीने, आपल्या वेळेला, जमल्यास फोटोसकट. यादी करणं, रांगेत थांबणं, खोके मोजणं ही सेवा वाटतच नाही. आणि खुर्चीवर बसणाऱ्यालाही हाच श्लोक लागू आहे. कागद माणसासाठी आहे हे विसरला, तर त्याचा नियम कितीही बरोबर असो, काळ चुकला.

आजचा छोटा संकल्प : आज कुठे अडवलं गेलं, तर चिडण्याआधी एकदा विचारूया. हा राग कुणासाठी आहे? समोरच्या गरजू माणसासाठी असेल, तर नम्रपणे पण ठामपणे बोलूया. आपल्यासाठी असेल, तर त्याच्या पायाशी ठेवूया.

राम कृष्ण हरी 🙏