झुळुकीचा वारा



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ६७ वा. अर्जुनाने स्थितप्रज्ञाची लक्षणं विचारली आहेत आणि भगवंत सांगताहेत: इंद्रियं विषयांत फिरत असतात. त्यांतल्या एकामागे जरी मन गेलं, तरी ते माणसाची बुद्धी ओढून नेतं, पाण्यातल्या नावेला वारा नेतो तसं.

हा श्लोक मी अनेकदा वाचला होता. समजला मात्र उजनीच्या पाण्यावर.

मागे एका उन्हाळ्यात आम्ही दोघं सकाळी सोलापूरहून पळसदेवला गेलो. उजनी मायनसमध्ये गेली होती. पाणी उतरलं की भीमेच्या पात्रात जुनी टेकाडं बेटांसारखी वर येतात, पळसनाथाच्या मंदिराचं शिखरही दिसायला लागतं. सौ.च्या आजीचं माहेर जुन्या पळसदेवचं. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. आजी शेवटपर्यंत त्या मंदिराबद्दल बोलायची. ते एकदा बघायचं, एवढीच हिची इच्छा होती.

नावाडीदादांनी आधी लाइफ जॅकेट घालायला लावलं. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, तेव्हापासून इथे वाऱ्याचं नाव कुणी हसत घेत नाही. त्या दिवशी मात्र आभाळ स्वच्छ होतं. एका बेटाजवळ उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. ते बुजू नयेत म्हणून दादांनी इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. आणि माझा फोन वाजला.

सुट्टीच होती. पण आदल्या रात्री आमचं रिलीज झालेलं. म्हटलं, दोन मिनिटांत बघतो. एकाला उत्तर दिलं, दुसऱ्याचा मेसेज आला. तेवढ्यात ही काहीतरी म्हणाली. मी मान वर न करता म्हणालो, "हो हो, संध्याकाळपर्यंत पाठवतो."

ती गप्प झाली. मग दादाच हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ताई म्हणत्यात, हितंच कुठंतरी त्यांच्या आजीचं घर असंल."

मी मान वर केली. मघाशी डाव्या हाताला जवळ दिसणारं शिखर बरंच मागे राहिलं होतं. "दादा, आपण एवढे लांब कसे आलो? वारा तर नाही!"

"हाय की. झुळूक हाय. वादळ कळतं, साहेब. झुळूक कळत न्हाई. वल्ह्याला हात लावून बसावं लागतं."

मंडळी, श्लोकात 'हरति' असा शब्द आहे. नाव उलटते असं भगवंत म्हणत नाहीत. वारा तिला ओढून नेतो म्हणतात. मोठा मोह आला तर आपण सावध होतो, देवाचं नाव घेतो. पण दोन मिनिटांचा फोन? त्याला कोण मोह म्हणतं? आणि सगळी इंद्रियं सुटायची गरजच नाही. एक पुरतं. माझे कान त्या फोनमागे गेले आणि ज्या माणसासाठी मी आलो होतो, तिचंच बोलणं मला ऐकू आलं नाही.

दादांनी होडी वळवून शिखराजवळ नेली. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. हिने ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "अहो, आपल्या नळाला हेच पाणी येतं ना? आजीच्या अंगणावरून." मला उत्तर सुचलं नाही. पण या वेळी मी ऐकलं होतं. सोलापुरात नळाला काही दिवसांनी पाणी येतं. आता ते आलं की मला ते वाक्य आठवतं.

वारा थांबवणं आपल्या हातात नाही. ऑफिसही राहणार, फोनही वाजणार. पुढच्याच श्लोकात भगवंत इंद्रियं आवरायला सांगतात, ते मला दादांच्या भाषेत असं कळलं: हात वल्ह्यावर ठेवा आणि अधूनमधून शिखराकडे बघा. ते जागच्या जागी असतं. सरकलेले आपण असतो.

आजचा संकल्प छोटाच. घरातलं माणूस बोलायला लागलं की फोन पालथा ठेवायचा. करून बघा.

जय हरी!