तीर्थातली गुलबकावली, परसातला सोनटक्का

औषधी वनस्पतीचा गुण तिच्या जातीत असतो की ती जेथे उगवते त्या भूमीत, हा प्रश्न आयुर्वेदाइतकाच धर्मविचाराचाही आहे, आणि जबलपूरसारख्या नर्मदाकाठच्या शहरात तो गुलबकावलीच्या निमित्ताने उभा राहतो. नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकच्या पाणथळ जागी वाढणारी ही आल्याच्या कुळातील वनस्पती महाराष्ट्रात सोनटक्का म्हणून परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढते आणि तिची पांढरी, सुवासिक फुले केसांत माळली जातात. लोककथेप्रमाणे राजा मैकलाने हेच फूल आणणाऱ्याला आपली कन्या नर्मदा देण्याचा पण केला. शोणभद्राने ते आणलेही, परंतु नर्मदेची दासी जोहिला हिच्यामुळे विवाह मोडला आणि नर्मदा रुसून पश्चिमेला वळली. या कथेमुळे फुलांचा अर्क भाविकांना औषध आणि प्रसाद असा दोन्ही वाटतो व तो डोळ्यांत घालण्याची प्रथा पडली आहे. मात्र निर्जंतुक न केलेला कोणताही द्रव डोळ्याला अपाय करू शकतो, हे श्रद्धेपोटीही विसरता येत नाही.

भूमीचा आग्रह अगदीच निराधार नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल म्हणजे कोरडा, आनूप म्हणजे पाणथळ, आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि द्रव्य घेणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, उपवास करून, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून ते घ्यावे असेही म्हटले आहे. परंतु त्याच प्रकरणात श्मशान, चैत्य आणि देवयजनाची जागा औषधसंग्रहासाठी वर्ज्य मानली आहे, म्हणजे शास्त्राला अभिप्रेत असलेला देश माती, पाणी आणि ऊन यांचा आहे, तीर्थमाहात्म्याचा नव्हे. शिवाय गुलबकावलीला वाढण्यासाठी तीर्थच लागते असेही नाही; हवाई बेटांवर तर हीच वनस्पती इतकी फोफावली आहे की तेथील मूळ झाडोऱ्याला तिचा उपद्रव होतो.

म्हणून अमरकंटकचीच गुलबकावली हवी, या हट्टापायी तेथील कंद खणून काढणे ही भक्ती ठरत नाही. डोळे असलेले कंदाचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर, शेणखत घातलेल्या ओलसर जमिनीत, अर्धवट सावलीत लावले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले येऊ लागतात आणि पुढे त्याच बेटातून नवी रोपे मिळतात. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ (स्थापना 1964) आणि उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था ज्या जबलपुरात आहेत, तेथे अशी लागवड रुजवणे आणि उगमाजवळची झाडे नदीसाठी राखणे, हे परिक्रमेइतकेच नर्मदेच्या सेवेचे काम आहे.