कागदाएवढं अंतर

घाटावर पावसाळ्याची ओल लवकर हटत नाही. बुलढाण्यात तर श्रावणातलं धुकं उन्हं वर आली तरी ओसरीत बसून असतं. अशा हवेत नव्या घरांच्या पोर्चचे खांब पाहावेत. आत लाकूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेलं. त्या लाकडाला पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा. काळजीत कुठे कसर नाही. तरी एक-दोन पावसाळे गेले, की एखाद्या खांबाच्या कडेला पांढरी भुकटी धरते आणि खिळ्यांच्या डोक्याखालून तांबूस ओघळ उतरतात.

घरमालक म्हणतो, पत्रा हलका निघाला. पत्रेवाला म्हणतो, लाकूडच खराब होतं. खरं तर दोन्ही चांगलीच असतात. बिघडतं ते दोघांच्या मध्ये.

लाकडाच्या औषधात तांबं असतं. ओल आली की त्यातलं थोडं पाण्यात उतरतं आणि पत्र्यापर्यंत पोचतं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम, किंवा तांबं आणि खिळ्यावरचं जस्त, ओलीत एकत्र आले की झीज सुरू होते. झिजायचं कोणी, हेही ठरलेलं: अ‍ॅल्युमिनियमने, जस्ताने. तांब्याला काही होत नाही. कोरड्या दिवसांत मात्र दोघं शेजारी शेजारी निवांत असतात.

या औषधाची एक गोष्ट आपल्याकडचीच आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. ते जगभर गेलं. बुरशीला तांबं सोसत नाही, वाळवीला आर्सेनिक. क्रोमियमचं काम तांब्याला लाकडात धरून ठेवायचं. पुढे आर्सेनिकची भीती वाटू लागली आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कारखानदारांनी घरगुती लाकडासाठी ते वापरणं सोडलं. नवी औषधं आली. त्यांत तांबं वाढलं, क्रोमियम उरलं नाही आणि जस्ताचे खिळे पूर्वीपेक्षा लवकर खराब होऊ लागले. आर्सेनिक काढलं ते योग्यच केलं. पण त्याच्याबरोबर खिळ्यांचा रखवालदारही गेला.

जुनी एक हकीकत मला याहून आवडते. समुद्रातले किडे जहाजांचं लाकूड पोखरत. म्हणून १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं, तर लाकूड वाचलेलं, पण लोखंडी खिळे पार कुजलेले. काही थोडे खिळे तेवढे शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा कपटा या खिळ्यांपाशी तसाच राहिला होता. काढायचा बहुधा कुणी कंटाळा केला असावा. गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांचे शोध अजून पुढेच होते. असं का होतं हे कुणाला सांगता आलं नसतं. काय करावं, ते कागदाने सांगून ठेवलं होतं.

मेहकर, देऊळगाव राजाकडच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. सागाच्या अंगचं तेल हेच त्याचं औषध. खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. मातीची ओल दगडापाशी थांबे. लाकूड उघडं असे, त्यामुळे त्याला काय होतंय ते येता-जाता दिसे. पण आता सागाचा भाव ऐकूनच माणूस परत फिरतो. आताच्या खांबाची सोय आताच्याच रीतीने करायला हवी.

ती अवघड नाही. औषध दिलेलं लाकूड आधी पुरतं वाळू द्यायचं. लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये डांबरी पट्टा किंवा जाड प्लास्टिक घालायचं. खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे. आणि पत्रा फरशीला टेकवायचा नाही, कारण ओल्या सिमेंटमधला चुनाही अ‍ॅल्युमिनियमला खातो. खाली बोटभर फट ठेवायची. आत शिरलेलं पाणी तिथून उतरतं, हवा वर जाते.

ही फट घरमालकांना खटकते. काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं ना! जाणता मिस्त्री ‘राहू द्या, साहेब’ म्हणून जातो. मग वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी घरातलं कुणीतरी हौसेने पांढरं सिमेंट कालवतं आणि ती लिंपून टाकतं.