साच्याचा दोष

पेन्सिल्व्हेनियात माझ्या शेजाऱ्याकडे जुन्या घाटाची, लांब नळीची रायफल आहे. अठराव्या शतकात तेथील कारागीर रायफलीबरोबर गोळीचा साचाही देत. कारण प्रत्येक नळीचे माप निराळे. त्याच्याकडे साचा नव्हता, आणि माझा जन्म लेथवर गेलेला. काम माझ्याकडे आले.

लोखंडाच्या दोन ठोकळ्यांत गोल कटर फिरवून मी अर्धगोल कोरले. गोळी नळीहून किंचित लहान ठेवली. तिच्याभोवती तेलकट चिंधी बसते. काम सुबक झाले.

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडला. त्याच्या शिशातून लिचफील्ड गावच्या बायकामुलांनी ४२,०८८ गोळ्या ओतल्या. ओतलेल्यांचा हिशेब राहिला. लागलेल्यांचा कोण ठेवणार?

साचा रिकामा, त्याला कसला दोष, असे मी म्हणत आलो. परंतु ते रिकामेपण मीच कोरले, तेही मापात! शेजारी केवळ निशाणाच्या फळीवर नेम धरतो, हे खरे. साचा मात्र आम्हा दोघांहून अधिक जगेल. तो मी त्याला दिला. पुढच्या हातांचा थोडा वाटा माझ्याकडेच राहिला.