आधी उघडणारी छत्री

झाशीच्या दक्षिणेस बबिना येथे लष्कराचे गोळीबाराच्या सरावाचे विस्तीर्ण मैदान आहे. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथे ‘गगनयाना’च्या मुख्य हवाई छत्र्यांची चाचणी झाली. अंतराळवीरांच्या कोठीएवढा भार हवाई दलाच्या आयएल-७६ विमानातून अडीच किलोमीटर उंचीवरून सोडण्यात आला, आणि दोन छत्र्यांपैकी एक पूर्ण उघडण्यास मुद्दाम विलंब घडविण्यात आला. ओढ विषम झाली की काय होते, हे संगणकावर अग्निबाण बांधण्याचा खेळ खेळणारी मुलेही हल्ली जाणतात; छत्री एकाच कडेस बसविली की यान तिरपे लोंबते.

ही छत्री एकदम फुलत नाही. प्रथम तिचा घेर दोरीने आवळलेला असतो. ती अर्धवट फुगते, वेग काहीसा उतरतो, आणि ठरल्या क्षणी लहानशा स्फोटाने दोरी कापली जाते. एरव्ही ती धक्क्यानेच फाटावयाची. (नोकरीच्या पहिल्याच दिवशी पूर्ण फुलणारे तरुण पाहिले की आम्हांस या दोरीची आठवण होते.) पण दोन्ही दोऱ्या एकाच क्षणी कापल्या गेल्या नाहीत तर? जी आधी उघडली तिच्यावर, दुसरी उघडेपर्यंत, अधिक ओढ येणार.

इलाइट चौराह्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांत यावरून वाद झाला. एका स्नेह्यांच्या मते हा उघड अन्याय होय. जी तत्पर तिलाच शिक्षा. कचेरीतही वेळेवर येणाऱ्याच्याच मेजावर न आलेल्याच्या फायली येऊन पडतात. दुसरे म्हणाले, खाली माणसे लटकत असता न्यायाचा हिशेब कसला मांडता? ७ ऑगस्ट १९७१ रोजी ‘अपोलो-१५’ परतताना तीनपैकी एक छत्री मिटली, आणि उरलेल्या दोहोंनी तिघा वीरांना सुखरूप समुद्रावर उतरविले. ‘गगनयाना’तही मुख्य छत्र्या तीन असून दोन पुरेशा आहेत.

आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. सर्व छत्र्या सारखा भार घेतील असे अभियंत्यांनी गृहीतच धरले नाही; विषमता घडणारच असे धरून त्यांनी कापड व दोर त्या जादा ओढीस पुरतात की नाही हे आधी पाहिले. विलंबाची मर्यादाही त्यांनीच ठरविली. म्हणजे तेथे भार असमान असूनही अन्याय नाही, कारण तो मोजलेला आहे व त्याला शेवट आहे. कचेरीत या दोहोंपैकी एकही गोष्ट होत नाही. शिवाय कापडास घर नसते, आजारी आई नसते. त्याला विचारावे लागत नाही. माणसास विचारावे लागते.

आमच्या परिचयाच्या एका कारकुनाकडे बदलून गेलेल्या सहकाऱ्याचे मेज ‘पुढील आदेश होईपर्यंत’ सोपविण्यात आले. त्यास आता तिसरे वर्ष चालू आहे. त्याला कोणी विचारले नव्हते. आणि विचारले असते तर आपण होच म्हणालो असतो, असे तो स्वतः सांगतो.