कुणाचं बोलावणं?

एका शेतकऱ्याला एकच मुलगी होती. एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि पंधरा दिवस हटला नाही. केसांना ना तेल लागलं, ना फणी. घामानं आणि धुळीनं ते वळत गेले. ताप उतरला तेव्हा मानेवर एक जट झाली होती.

परडी घेऊन जोगतीण दारात आली. जट बघताच तिनं हात जोडले. "सौंदत्तीच्या यल्लमाचं बोलावणं हाय. फणी लावू नका. कापाल तर घराचं वाटोळं हुईल. पोर देवीला सोडावी लागंल."

मुली देवीला सोडायला कर्नाटकात १९८२च्या कायद्यानं बंदी केली, महाराष्ट्रात २००५च्या. पण त्या घरात धाक कायद्याचा नव्हता, कोपाचा होता.

आई जटेला हळदकुंकू वाहू लागली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जोगतिणीला शिधा जाऊ लागला. जट कमरेपर्यंत आली. मुलीची मान एका अंगाला कलली, तिला उताणं झोपता येईना. उवांनी टाळू सोलून निघाली. शाळा सुटली.

त्या साली पीक चांगलं आलं. जोगतीण म्हणाली, "आईची कृपा." पुढच्या साली विहीर आटली. ती म्हणाली, "सेवेत कसूर झाली." शिधा दोन्ही साली तेवढाच गेला.

उन्हाळ्यात शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या. म्हातारा धनगर लोकर कातरत होता. एका मेंढीच्या मानेखाली लोकरीचा घट्ट गठ्ठा झाला होता. मुलगी निरखून बघत होती.

"बाबा, हिला कुणाचं बोलावणं आलंय?"

"कसलं बोलावणं? गोखरू अडकलं, वर पाऊस, वर चिखल. लोकर वळली."

त्यानं कातर चालवली. गठ्ठा खाली पडला. मेंढीनं अंग झाडलं आणि चरायला गेली.

मुलगी त्याच्यापुढं पाठ करून बसली. "माझी पण कापा."

धनगराचा हात थांबला. "मेंढी माझी हाय, पोरी. तू तुझ्या बापाची."

बाप बांधावर उभा होता. तो जवळ आला. त्यानं जट हातात उचलली. इतक्या दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदाच हात लावला होता, आणि ती त्याला वाटली त्याहून जड होती.

"कापा," तो म्हणाला. "कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे."

पुढं श्रावणात त्याचा एक बैल मेला. गाव गोळा झालं. जोगतीण पुढं आली. "सांगितलं हुतं मी!"

बायको रडू लागली. शेतकऱ्याचाही जीव चरकला, खोटं कशाला सांगा. पण त्यानं विचारलं, "बैल जगला असता तर काय म्हणाला असता?"

"आईनं माफ केलं म्हणाले असते."

"म्हणजे मेला तरी आई, जगला तरी आई. काही झालं तरी जे खरंच ठरतं, त्यापायी मी पोरीची मान का मोडू?"

कुणी बोललं नाही. मुलगी जोगतिणीकडे बघत होती. तिच्या पदराखालीही जट होती, आणि मान एका अंगाला कललेली.

"मावशी, तुमची मान दुखते का?"

जोगतिणीनं परडी उचलली. "दुखती," ती म्हणाली, आणि शिधा मागायला पुढच्या दारात गेली.