हत्यार आणि हात

बोरूनें लिहिणाऱ्या पिढीस एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाजारांतून आणलेला बोरू तसाच लिहिण्याच्या कामीं येत नसे. ज्यानें त्यानें तो आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणें तासून, टोंकास तिरका काप देऊन घ्यावा, तेव्हां कोठें अक्षर वळणदार उमटे. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या आजच्या लेखकाचा बोरू म्हणजे ‘एडिटर’ या नांवाचें साधन होय. दिवसाचे आठ आठ तास तो त्यांत लिहितो, खोडतो, चुका शोधतो. हें साधन त्याला आपल्या हाताप्रमाणें तासतां यावें कीं नाहीं? वरवर पाहतां हा निव्वळ सोयीचा प्रश्न वाटेल. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

ज्यांना ही मुभा नको वाटते, त्यांचा पक्ष प्रथम पाहूं. ते म्हणतात, ज्याला नाचतां येत नाहीं त्यालाच अंगण वाकडें दिसतें. शिवाय बोरू तासण्याचा नाद एकदां लागला म्हणजे लिहिणें बाजूस राहतें. या आक्षेपांत तथ्य आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत ‘टेको’ नांवाचा एडिटर वापरीत असत. त्याच्या आज्ञा एकत्र गुंफून जो तो आपल्यापुरत्या नव्या आज्ञा रची. परिणाम असा झाला कीं, सोबत्याच्या यंत्रापुढें बसून त्याला मदत करूं जावें, तर कोणती कळ दाबल्यानें काय होईल याचा पत्ता लागेना. स्वातंत्र्याचें पर्यवसान एकलकोंडेपणांत झालें.

परंतु त्या मंडळींनीं बोरू तासण्यास बंदी केली नाहीं. गाय स्टील यांनीं या विखुरलेल्या आज्ञांची सुसूत्र जुळणी करण्यास आरंभ केला व १९७६ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांनीं तें काम तडीस नेलें. ‘ईमॅक्स’ तो हाच. त्यांत आरंभींची मांडणी सर्वांना समान, आणि ती बदलण्याची मोकळीक प्रत्येकास. स्टॉलमन यांची अट एवढीच कीं, ज्यानें सुधारणा केली त्यानें ती परत आणून द्यावी, म्हणजे ती सर्वांस वांटतां येईल. हक्काबरोबर ऋणही आलें.

या मोकळिकीचें खरें मोल आम्हांस कळलें तें पुण्यांत वाढलेल्या एका गृहस्थामुळें. टी. व्ही. रामन यांची दृष्टि चौदाव्या वर्षीं गेली. वाडिया महाविद्यालयांत गणित, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पुढील शिक्षण आणि १९९४ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा क्रम. पडद्यावरील अक्षरें वाचून दाखविणारीं साधनें त्या काळींही होतीं. परंतु पडद्यावर दिनदर्शिका मांडलेली असली, तर तीं नुसता आंकडा उच्चारीत. तो कोणत्या वाराखालीं आहे, हें डोळस मनुष्य एका नजरेंत ताडतो. अंधानें तें कशानें ताडावें? ईमॅक्सच्या पुढील अवतारांत कोणत्याही क्रियेस, तिच्या मूळ लेखनास धक्का न लावतां, आपली पुरवणी जोडतां येऊं लागली होती. तिच्या आधारें रामन यांनीं १९९५ मध्यें ‘ईमॅकस्पीक’ सिद्ध केलें. तें वार, तारीख, महिना असें सगळें सांगतें. कारण तें पडद्यावरचीं चिन्हें वाचीत नाहीं, त्यांमागचा अर्थ बोलतें. रामन यांनीं ही कृति सर्वांस खुली करून ठेविली.

त्यांच्यापुढचें अंगण खरोखरच वाकडें होतें, आणि तें सरळ करण्यास त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. आमच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. साधन घडविणारा कितीही चतुर असो, उद्यां तें कोणाच्या हातीं जाईल हें त्याला कळत नाहीं. बदलास वाव ठेवणें ही त्या अज्ञानाची प्रामाणिक कबुली होय. वेळ वायां जाण्याचें भय खरें. पण तो दोष वापरणाऱ्याच्या संयमानें टळूं शकतो. उलट बंद दाराबाहेर उभ्या असलेल्याचा कितीही संयम तें दार उघडीत नाहीं.

आम्ही तीस वर्षें वर्गांत एकाच मापाचें टिपण सर्वांस उतरवून दिलें, आणि ज्याला तें साधलें नाहीं त्याचाच हात वाकडा ठरविला. हें लिहितांना त्यांतले कांहीं चेहरे डोळ्यांपुढें येत आहेत.